निर्यातीला चाचणी, देशवासीयांना श्रद्धा!

शेतीवाडीचे वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतरच्या दोन तपांत महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारतींचे जंगल उभे राहिले. हिंजवडीच्या संगणक-उद्योगात राबणारा पगारदार, त्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई, इमारतीच्या दारावर बारा-बारा तास उभा राहणारा पहारेकरी आणि पहाटेच्या बसने चाकणच्या कारखान्यात जाणारा कंत्राटी कामगार, असे सर्वजण या परिसरात एकत्र आले. त्यांची मिळकत वेगळी, घरे वेगळी, नळाला येणारे पाणीही वेगळे. परंतु एक वस्तू या सर्वांच्या घरात सारखीच शिरली आहे. ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, ‘दुष्परिणामरहित’ असे छापलेली बाटली, डबी अथवा पुडी! कंत्राटी कामगाराला आजारपणाची रजा परवडत नाही, म्हणून तो गुडघेदुखीवर चूर्णाची पुडी घेतो. सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या मुलाखतीत रंगाचा हिशेब मोजावा लागतो, म्हणून ती गोरेपणाचे मलम विकत घेते. त्या डबीत प्रत्यक्षात काय आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते. दुकानदारालाही ते ठाऊक नसते. आणि ज्या शासनाने परवाना दिला, त्याने तरी ते तपासून पाहिले आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचा आक्षेप वनस्पतींना नाही, आयुर्वेदालाही नाही. हळद, हिरडा, अडुळसा यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवणाऱ्या समाजाला कोणी अडाणी म्हणावे, हे आम्हाला मान्य नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या समाजाच्या श्रद्धेचे भांडवल करून चाललेल्या बेजबाबदार व्यापाराला, आणि त्या व्यापाराला ‘परंपरा’ म्हणून संरक्षण देणाऱ्या राज्यकर्त्यांना.

या संरक्षणाचे स्वरूप समजण्यासाठी २००४ साली अमेरिकेत काय घडले ते पाहावे लागेल. बोस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तेथील संशोधकांनी विकत घेऊन तपासली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा सोमल हे विषारी घटक आढळले. हा निष्कर्ष त्या देशाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दिल्लीतील यंत्रणा खडबडून जागी झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला. निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली, आणि ‘जड धातू अनुज्ञेय मर्यादेत’ असे वेष्टनावर छापण्याचे बंधन आले.

आदेश योग्यच होता. परंतु ही सक्ती होती निर्यातीच्या मालापुरती! बोस्टनच्या गिऱ्हाइकाचे मूत्रपिंड जपायचे आणि बोपोडीच्या, वाकडच्या, बीडच्या गिऱ्हाइकाला मात्र श्रद्धेच्या भरवशावर सोडायचे, हा कोणता राष्ट्राभिमान? आयुर्वेदीय औषधिसंहितेत जड धातूंच्या मर्यादा आज नमूद आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण मर्यादा ग्रंथात असणे निराळे आणि बाजारातल्या प्रत्येक खेपेमागे प्रयोगशाळेचा दाखला असणे निराळे. परकीय चलन मिळवून देणाऱ्या मालाला दाखला लागतो. रुपये मोजून घेतल्या जाणाऱ्या मालाला तो न मागता भागते. दोन गिऱ्हाइकांच्या जिवाला लावलेली ही दोन मोलेच साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहेत.

कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाला शंका असेल तर त्याने स्वतः तपासून घ्यावे. तर मग कायदाच उघडून पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या २६व्या कलमान्वये कोणाही खरेदीदारास, तसेच मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेस, विकत घेतलेले औषध अथवा प्रसाधन विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे देता येते आणि त्याचा सही-शिक्क्याचा अहवाल मिळविता येतो. सामान्य माणसाच्या हाती दिलेला हा फार मोलाचा हक्क आहे. परंतु तो कायद्याच्या चौथ्या प्रकरणात आहे. आणि ते प्रकरण आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांना लागू नाही, असे कलम ३३-ए सांगते. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्यात कलम ३३-एच अन्वये निरीक्षक व विश्लेषक यांच्यासंबंधीची २२ ते २५ ही कलमे उचलून घेतली आहेत. २६वे कलम मात्र वगळले आहे! म्हणजे तापाची गोळी तपासून मागण्याचा हक्क कामगाराला आहे. शक्तिवर्धक चूर्ण तपासून मागण्याचा त्याच कायद्याखालचा हक्क त्याला नाही. सहा दशके उलटली, या त्रुटीकडे कोणत्याही पक्षाच्या शासनाने लक्ष दिलेले नाही.

परवान्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, भावप्रकाश इत्यादी ग्रंथांची अनुसूची कायद्याला जोडलेली आहे. ग्रंथातील पाठानुसार केलेल्या औषधाला ‘शास्त्रोक्त’ म्हणून परवाना मिळतो. परंतु आज बाजार व्यापला आहे तो ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ या दुसऱ्या वर्गाने. ग्रंथातील द्रव्ये घ्यायची, पण त्यांचे मिश्रण, प्रमाण आणि नाव कारखानदाराने स्वतः ठरवायचे, असा हा वर्ग. २०१० साली आलेल्या नियम १५८-बी नुसार द्रव्ये ग्रंथोक्त असली आणि अनुसूचीतील विषारी द्रव्य त्यांत नसले, तर सामान्यतः सुरक्षिततेचा स्वतंत्र अभ्यास मागितला जात नाही. म्हणजे ग्रंथ प्राचीन, मिश्रण अर्वाचीन. आणि अर्वाचीन मिश्रणाची हमी प्राचीन ग्रंथाने द्यायची! दोन निर्धोक द्रव्ये एकत्र आल्यावर, किंवा काढ्याऐवजी त्यांचा तीव्र अर्क काढल्यावर, किंवा रक्तदाबाच्या गोळीबरोबर ती घेतल्यावर काय होते, याचे उत्तर ग्रंथात असणे शक्यच नाही. ते उत्तर संशोधनानेच मिळते.

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत तर एकाच वस्तूला दोन दारे आहेत. लेप, उटणे, मलम, तेल हे प्रसाधन म्हणून आणता येते आणि आयुर्वेदिक औषध म्हणूनही. कोणत्या दाराने जायचे हे उत्पादक सोयीने पाहतो. नागपुरात याचा अनुभव न्यायालयांनी घेतलेला आहे. बैद्यनाथ आयुर्वेद भवनाचे लाल दंतमंजन हे औषध की प्रसाधन, या अबकारी कराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये ते औषध नसल्याचा निर्णय दिला. नागपूरच्याच दुसऱ्या एका उत्पादकाचे बहुतेक लेप व तेले मात्र २००६ साली औषध ठरली. एवढी वर्षे, एवढे वकील, एवढी कागदपत्रे, आणि वाद सारा महसुलाचा! ती डबी वापरणाऱ्या माणसाच्या कातडीचा वाद या देशात एवढ्या हिरिरीने कोणी लढल्याचे ऐकिवात नाही.

कातडीचा वाद लढला गेला नाही, याची किंमत कोण मोजते? जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबातील तीन स्त्रियांचे प्रकरण उघडकीस आले. स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून घेतलेले त्वचा उजळविणारे मलम लावल्यानंतर तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा त्या मलमात पारा असल्याचे निष्पन्न झाले. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून कातडी उजळ दिसते. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातील वैद्यकांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत पाऱ्याशी संबंध जोडला गेलेला प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये डोळ्यांखेरीज इतर ठिकाणी वापरावयाच्या प्रसाधनात अनवधानाने राहिलेला पारादेखील दशलक्ष भागांत १ भागापेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे नियम आहे. पण गल्लीतल्या पार्लरात सुटी मिळणारी डबी त्या नियमापर्यंत कधी पोचतच नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचेच. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीच्या नावाने गुळवेलीचा काढा घरोघरी शिरला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या उपचारसंहितेतही गुळवेलीचा समावेश झाला. त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदविले. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेणारा प्रत्येकजण आजारी पडतो असे या वैद्यकांनी म्हटले नव्हते. लक्षावधी लोकांनी ती घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरे. पण इशारा गंभीर होता. मंत्रालयाने काय केले? रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच जात असू शकेल, असे सांगून त्याने अभ्यासावरच दोषारोप केला.

हा खुलासा क्षणभर खरा मानू. मग तर तो मंत्रालयावरचा अधिक मोठा आरोप ठरतो! ज्या वनस्पतीची शिफारस तुम्ही राष्ट्राला केली, तिच्या नावाखाली दुसरी वनस्पती खपत असेल, तर ती ओळखण्याची व्यवस्था कोणी उभारायची होती? हातगाडीवरून वेलीचा तुकडा घेणाऱ्या मजुराने?

वनस्पतींच्या अदलाबदलीचा पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. वाकडच्या इमारतींच्या कुंपणाला लागून जे उंच, निमुळते झाड ओळीने लावलेले दिसते त्याला लोक अशोक म्हणतात. तो खोटा अशोक. अशोकारिष्टात ज्याची साल घालावयाची तो सीतेचा अशोक अगदी निराळा; त्याच्या संख्येत मोठी घट झाल्यामुळे तो संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला आहे. खऱ्या सालीच्या जागी खोट्या अशोकाची साल खपविली जाते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. येथे औषध निरुपयोगी ठरण्यावर निभावते. सर्वत्र तसे निभावत नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रसेल्सच्या एका चिकित्सालयात वजन घटविण्यासाठी दिल्या गेलेल्या चिनी वनौषधीत एका मुळीऐवजी तिच्याशी नामसादृश्य असलेली दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातील मुळी आली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे त्यामुळे बिघडली. ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ ही समजूत किती घातक आहे, हे जगाला त्या स्त्रियांनी स्वतःचे शरीर देऊन शिकविले.

आता जाहिरातींकडे वळू. डिसेंबर २०१८ मध्ये नियम १७० आला. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्यापूर्वी राज्याच्या परवाना-अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, एवढीच त्यातील अपेक्षा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने या नियमाखाली कारवाई करू नये असे राज्यांना कळविले. भारतीय वैद्यक संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पतंजलीच्या जाहिरातींचा समाचार घेतला, तेव्हा कोठे उत्तराखंडच्या परवाना-अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्ये त्या समूहाच्या १४ उत्पादनांचे परवाने निलंबित केले. त्यापूर्वीची वर्षे ते अधिकारी कशात मग्न होते? त्याच वर्षी १ जुलै रोजी मंत्रालयाने तो नियमच रद्द करणारी अधिसूचना काढली. न्यायालयाने २७ ऑगस्टला तिला स्थगिती दिली. पण ११ ऑगस्ट २०२५ रोजी प्रकरण निकाली निघाले आणि स्थगितीही उठली. आता हाती उरला आहे तो १९५४ चा जादुटोणासदृश उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा, ज्यात पहिल्या अपराधाला कमाल सहा महिन्यांची कैद आहे. ज्या मंत्रालयाने वनौषधींचा प्रसार करायचा, त्यांची निर्यात वाढवायची, त्याच मंत्रालयाने त्यांच्या नियमनाचे धोरणही ठरवायचे, या व्यवस्थेतून याहून निराळे काय निष्पन्न होणार?

या मुद्द्यांवर जी उत्तरे दिली जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिले उत्तर परंपरेचे. हजारो वर्षे चालत आलेल्या औषधाला चाचणी कशाला? परंतु परंपरेतला वैद्य रोग्याची नाडी पाहून, त्याचे वय, बल, ऋतू जाणून, ओळखीच्या वनस्पतीची मात्रा स्वतः ठरवीत असे. कारखान्यात टनांनी तयार होणारी आणि अनोळखी हाताने अनोळखी माणसाला विकली जाणारी डबी त्या परंपरेची वारस कशी? न ओळखलेले औषध विषासमान मानावे, ही शिकवण तर आयुर्वेदाचीच आहे. परंपरेचा खरा अवमान चाचणी मागणारा करीत नाही. परंपरेचे नाव घेऊन चाचणी चुकविणारा करतो.

दुसरे उत्तर असे की, आधुनिक औषधांत काय कमी गैरप्रकार आहेत? आहेतच! १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने अन्न व औषध प्रशासनाची लक्तरे चव्हाट्यावर आणली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या वेळी पुरोगामी चळवळीने मागणी केली ती अधिक कडक तपासणीची, तपासणीच रद्द करण्याची नव्हे. बहुराष्ट्रीय कंपन्यांची लबाडी हे देशी भांडवलदारांच्या लबाडीचे प्रशस्तिपत्र होऊ शकत नाही.

तिसरे उत्तर मात्र आपण गांभीर्याने घेतले पाहिजे. चाचण्यांचा खर्च लहान रसशाळांना व गावोगावच्या वैद्यांना झेपणार नाही, ते बुडतील आणि बाजार बड्यांच्या घशात जाईल, असे म्हटले जाते. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरील उपाय चाचणी टाळणे हा नसून चाचणी सार्वजनिक करणे हा आहे. आणि येथे पिंपरीला विशेष महत्त्व येते. याच पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन गरिबाला मिळावे म्हणून राष्ट्राने तो उभारला. तेथील संशोधकांनी हॅमायसिनसारखे नवे औषध शोधून काढले. औषध ही समाजाची जबाबदारी आहे, हा विचार त्या वास्तूत मूर्त झाला होता. नंतरच्या राज्यकर्त्यांनी त्या कारखान्याला उपाशी ठेवले आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. जमिनीला गिऱ्हाईक आहे, प्रयोगशाळेला नाही!

पुणे परिसरात शास्त्रज्ञांची वाण नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, वनस्पतींची ओळख पटविण्याचे काम करणारी आघारकर संशोधन संस्था आहे, कोथरूडला केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची संस्था आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरडा वेचणारे आदिवासी आहेत. झाड ओळखण्याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही व्यापाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. भेसळ होते ती त्यांच्या टोपलीत नव्हे, पुढच्या गोदामांत. या सर्वांना जोडणारी सार्वजनिक यंत्रणा तेवढी नाही, कारण तीत कोणाला नफा नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. कलम २६ मधील खरेदीदाराचा चाचणीचा हक्क आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांनाही लागू करावा. निर्यातीच्या मालाला लागणारी जड धातूंची चाचणी देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेपेला तितक्याच सक्तीने लागू करावी आणि तिचे अहवाल जनतेला खुले असावेत. जाहिरातपूर्व मान्यतेचा नियम पुनःस्थापित करावा. नियमन प्रसाराच्या खात्यापासून वेगळे काढावे. पिंपरीच्या सार्वजनिक जागेवर वनौषधी व प्रसाधनांसाठी शासकीय चाचणीकेंद्र उभारावे, जेथे लहान उत्पादकाला अल्प शुल्कात आणि आदिवासींच्या सहकारी संस्थांना विनाशुल्क तपासणी मिळेल. आणि नव्या मिश्रणांच्या सुरक्षिततेवरील संशोधनाला सार्वजनिक निधी द्यावा, म्हणजे निष्कर्ष उत्पादकाच्या तिजोरीत बंद राहणार नाहीत.

या मागण्या केवळ निवेदनांनी मान्य होणार नाहीत. वाकड, थेरगाव, चिंचवड, चाकण येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत हा प्रश्न नेला पाहिजे. सौंदर्यप्रसाधनांना कलम २६ आजही लागू आहे; महिला आघाडीने संशयास्पद मलमे पावतीसह विकत घेऊन शासकीय विश्लेषकाकडे द्यावीत आणि आलेले अहवाल चौकाचौकांत लावावेत. कामगार संघटनांनी कारखान्याच्या दारावर खपणाऱ्या चूर्णांची वेष्टने व पावत्या गोळा करून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारी कराव्यात आणि त्यांचा पाठपुरावा करावा. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी केंद्रीय योजना २०१७-१८ पासून कागदावर आहे. कामगार विमा रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘आणखी काय घेत होतात?’ हा प्रश्न विचारला जाईल आणि उत्तराची नोंद होईल, असा आग्रह धरला पाहिजे. आणि हे सारे करीत असताना, आजारी माणसाला रजा न देणाऱ्या कंत्राटी पद्धतीविरुद्धचा लढा क्षणभरही ढिला पडू देता कामा नये. ज्याला दोन दिवसांची भरपगारी विश्रांती मिळते, तो पुडीच्या आश्रयाला सहजासहजी जात नाही.

बोस्टनच्या गिऱ्हाइकाला जी खात्री मिळते, तीच वाकडच्या पहारेकऱ्याला मिळाली पाहिजे. यापेक्षा कमी काही स्वीकारण्याचे आपल्याला कारण नाही.